तीन बोटांच्या अंतरावर

मराठीत माणसाला बोट 'लागते'. ऊन लागते, दृष्ट लागते, तशीच बोट लागते. या शब्दप्रयोगात बोट कर्ता आहे आणि माणूस नुसता सोसणारा. त्याने काही केलेले नसते. जे व्हायचे ते त्याला होते. ग्रीकांनीही असेच केले. त्यांच्या भाषेत जहाजाला 'नाऊस' म्हणत. त्यावरून बोट लागण्याला जो शब्द पडला, तोच पुढे लॅटिनमार्गे इंग्रजीत 'नॉशिया' होऊन आला. आज घाटात गाडी लागलेल्या, दिवस राहिलेल्या किंवा कर्करोगाची औषधे चाललेल्या रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर 'नॉशिया' लिहितात, तेव्हा समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसाच्या आजारातही एक जहाज दडलेले असते.

कोकणी माणसाला हा आजार समजावून सांगावा लागत नाही. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावात उतरत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. पण पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे समुद्र खवळलेला असला, की डेकवर पथाऱ्या पसरलेल्या कुटुंबांचे काय होई, ते ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. या बोटी गेल्या. आता मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाते ती क्रूझ. तिच्यावर पोहण्याचा तलाव असतो, नाटकगृह असते आणि काही प्रवाशांच्या दोन्ही मनगटांवर विणलेल्या लवचिक कापडाची पट्टी असते. पट्टीच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे अर्धगोल बटण शिवलेले असते. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे अंतरावर, हाताच्या आतल्या अंगाला, दोन शिरांसारख्या ताठ दिसणाऱ्या कंडरांच्या मधोमध ते बटण टेकवायचे. मग बोट लागत नाही, असे म्हणतात.

ही पट्टी आली कुठून आणि तिने खरोखर काही होते का, हे दोन प्रश्न वरवर सोपे आहेत. पहिल्याचे उत्तर शोधताना दोन हजार वर्षे मागे जावे लागते. दुसऱ्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एका शब्दात मिळत नाही, आणि ते तसे का मिळत नाही हीच या इतिहासातली खरी गोष्ट आहे.

*

हा आजार माणूस पाहून होत नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात नेपल्सहून जवळच्याच पुतेओली गावी बोटीने निघाल्याची हकीकत सांगितली आहे. अंतर थोडे होते, समुद्र फारसा खवळलेलाही नव्हता. पण अर्ध्या वाटेवर त्याला असे काही ढवळू लागले, की त्याने नावाड्याला किनाऱ्याकडे वळायला लावले आणि नाव टेकायच्या आत अंगावरच्या वस्त्रानिशी थंड पाण्यात उडी टाकली. मृत्यूचे भय जिंकण्याची शिकवण देणारा हा माणूस मळमळीपुढे हरला, आणि ते त्याने हसत कबूल केले.

ट्राफल्गारचा विजेता नेल्सन बाराव्या वर्षी नौदलात शिरला. १८०४ साली, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, त्याने एका पत्रात लिहिले, की जोराचा वारा सुटला की मी प्रत्येक वेळी आजारी पडतो. या पेशावरचे प्रेम नसते तर तासभरही समुद्रावर राहिलो नसतो. चार्ल्स डार्विन २७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल'वर चढला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. या जवळजवळ पाच वर्षांत त्याला समुद्राची सवय झाली नाही. वडिलांच्या सल्ल्याने तो मनुके खाऊन राही आणि आडवा पडून दिवस काढी. त्या सफरीचा निम्म्याहून अधिक काळ त्याने जमिनीवर काढला, आणि त्याच्या पुढच्या कामाला लागणारे बरेचसे त्याला तिथेच सापडले.

माणूस बदलता येत नाही म्हटल्यावर एकोणिसाव्या शतकाने बोट बदलून पाहिली. पोलाद तयार करण्याच्या पद्धतीने नाव आणि पैसा मिळवलेला हेन्री बेसिमर १८६८ मध्ये फ्रान्सहून परतताना खाडीत इतका आजारी झाला, की त्याने या दुखण्यावर यंत्रानेच उपाय करायचे ठरवले. जहाजाच्या पोटात एक स्वतंत्र दिवाणखाना टांगायचा, म्हणजे जहाज डोलले तरी दिवाणखाना स्थिर राहील, अशी ही कल्पना होती. एक माणूस पाणसळीवर नजर ठेवून बसणार आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने दिवाणखाना सतत समतल ठेवणार. जहाज तयार झाले. मे १८७५ मध्ये त्याची जाहीर फेरी निघाली, तेव्हा टांगता दिवाणखाना पक्का बांधून ठेवलेला होता. कॅले बंदरात शिरताना जहाज सुकाणूला दाद देईना आणि त्याने धक्क्याचा एक भाग पाडला. पैसे लावणाऱ्यांचा विश्वास उडाला, कंपनी बुडाली, जहाज मोडीत निघाले. दिवाणखाना तेवढा उरला. तो जहाजाच्या आराखडाकाराच्या घरी नेऊन बसवला गेला आणि पुढे एका शेतकी महाविद्यालयाच्या व्याख्यानांसाठी वापरला गेला. जमिनीवर तो अर्थातच पूर्ण स्थिर होता.

बेसिमरची चूक यंत्रापुरती नव्हती. आजार नेमका कुठे होतो, हेच तेव्हा माहीत नव्हते. बहुतेकांना तो पोटाचा वाटे. १८८२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने एक साधा प्रश्न विचारला: ज्यांच्या कानाचा आतला भाग निकामी आहे, अशा मूकबधिरांना गरगर फिरवले तर भोवळ येते का? त्याने पाचशेहून अधिक जणांची माहिती जमवली. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या गटाला भोवळ मुळीच येत नव्हती. आजाराचे मूळ पोटात नसून कानात असल्याचे हे चिन्ह होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा जेम्सनंतर पाऊणशे वर्षांनी मिळाला. अंतराळात माणूस पाठवण्याची तयारी करताना अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी बधिरांच्या गॅलॉडेट महाविद्यालयातले अकरा पुरुष निवडले. त्यांतल्या दहा जणांचे कान मेंदुज्वराने गेले होते. नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ एका बोटीवरून त्यांना खवळलेल्या समुद्रात नेण्यात आले. ते पत्ते खेळत बसले. त्यांच्यावर प्रयोग करायला आलेले संशोधकच इतके आजारी पडले, की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

आज सर्वसाधारणपणे मानले जाते ते असे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे सूक्ष्म खडे शरीराची हालचाल मेंदूला कळवतात. केबिनच्या भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात, सारे स्थिर आहे. अनुभवावरून मेंदूने बांधलेल्या अंदाजाशी या दोन बातम्या जुळत नाहीत. हा विसंवाद टिकला की मळमळ सुरू होते. म्हणून डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते. तिथे डोळे आणि कान एकच बातमी देतात. सर्वांत वाईट हालचाल असते ती साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होण्याची. आधुनिक क्रूझला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात. ते तिचे डावे-उजवे डोलणे पुष्कळ कमी करतात. पण सबंध जहाज लाटेबरोबर वर उचलले जाऊन खाली बसते, त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. दीडशे कोटींच्या असोत वा दीड हजार कोटींच्या, बोटी अजून लागतात त्या यामुळे.

*

विसाव्या शतकाने मेंदूतल्या त्या वाटेवर औषधाने बांध घातला. दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न सैन्याचा झाला. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणारे सैनिक वादळी हवेत, सपाट बुडाच्या बोटींत तासन्‌तास बसणार होते, आणि उतरताच त्यांना लढायचे होते. त्यांना गोळ्या दिल्या गेल्या, ओकारीसाठी पिशव्याही दिल्या गेल्या. ब्रिटिशांचा भर होता तो हायोसीनवर. धोतरा आणि त्याच्या कुळातल्या वनस्पतींत सापडणारे हे द्रव्य आजही या आजारावरचे सर्वांत खात्रीचे औषध समजले जाते.

१९४७ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला नवे औषध दिले होते. पित्ताचे काय झाले ते बाजूला राहिले, पण ट्रामगाडी लागायची ती आता लागत नाही, असे तिने डॉक्टरांना सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या 'जनरल बॅलू' या सैनिकी जहाजावर १,३०० हून अधिक सैनिकांसह त्याची चाचणी झाली. ते औषध म्हणजे ड्रामामाइन. हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकवर ते टिकले.

पण या औषधांची किंमत झोपेत मोजावी लागते. ड्रामामाइनने गुंगी येते. हायोसीनने तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते, डोळे जड होतात. आरामखुर्चीत पडलेल्या प्रवाशाचे यात फारसे काही बिघडत नाही. सुकाणूवर उभ्या असलेल्या खलाशाला, गर्भवतीला, काचबिंदू असलेल्या वृद्धाला मात्र हा सौदा परवडत नाही. गुंगी न आणणारा उपाय हवा होता. तो पूर्वेकडून आला, आणि समुद्राशी त्याचा मुळात काही संबंध नव्हता.

*

चिनी वैद्यकाच्या पायाभूत ग्रंथात, पीतसम्राटाच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'नेइजिंग'मध्ये, मनगटावरच्या या जागेचा उल्लेख आहे. तिचे नाव 'नेइग्वान', म्हणजे आतला दरवाजा. छाती, हृदय आणि पोट यांच्या तक्रारींसाठी तिथे सुई टोचत किंवा दाब देत. आधुनिक क्रमवारीत तिला 'पी ६' म्हणतात.

भारतात ॲक्युपंक्चर आणण्याच्या कामी एक ओळखीचा धागा आहे. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने चीनला गेलेल्या काँग्रेसच्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. कोटणीस चीनमध्येच वारले. बसू परतले, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात रुजवली.

पश्चिमेचे लक्ष तिकडे वळले ते मात्र एका पत्रकाराच्या आंत्रपुच्छामुळे. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीच्या भुलीच्या औषधाखालीच झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातली अस्वस्थता कमी करायला. तो अनुभव त्यांनी छापला, आणि पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले. कानोकानी गोष्ट पसरली ती रेस्टन यांचे पोट सुयांवर उघडले अशी.

या गाजावाजापासून दूर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात जॉन डंडी नावाचे भूलतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या हा त्यांचा रोजचा प्रश्न. चीनला गेले असताना गर्भवती स्त्रिया सकाळच्या मळमळीसाठी मनगटावरची ती जागा दाबतात, हे त्यांच्या पाहण्यात आले. परतल्यावर त्यांनी त्यावर लेख लिहिला नाही, आधी चाचणी घेतली. छोट्या शस्त्रक्रियांसाठी आलेल्या स्त्रियांना अफूच्या जातीचे वेदनाशामक दिले जाई, त्याने उलट्या होत. काहींना नेइग्वानवर पाच मिनिटे सुई दिली, काहींना कोपराजवळच्या एका निरर्थक जागी. खऱ्या जागेने उलट्या कमी झाल्या, खोट्या जागेने झाल्या नाहीत. १९८६ मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. पुढे डंडींनी आणखी एक गोष्ट पाहिली. त्या जागेची संवेदना आधी भुलीचे इंजेक्शन देऊन घालवली, तर सुईचा परिणामही जातो. म्हणजे जे काही घडते ते तिथल्या मज्जातंतूंतून जात असले पाहिजे.

त्याच दशकात ब्रिटनमधून 'सी-बँड' ही पट्टी बाजारात आली. तिची कंपनी लेस्टरशायरमधल्या हिंकलीची. मोजे आणि विणलेल्या कापडासाठी ते गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. चिनी वैद्याच्या सुईची जागा प्लॅस्टिकच्या बटणाने घेतली, वैद्याच्या हाताची जागा लवचिक कापडाने. आणि रुग्णालयातून ती पट्टी बंदरात आली.

*

इथे गोष्ट अडते. पट्टी रुग्णालयातून बंदरात आली, तिच्याबरोबर पुरावा आला का?

शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीबद्दल पुरावा आज भक्कम आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण होते. खोट्या उपायाच्या तुलनेत नेइग्वानला चेतवल्याने मळमळ आणि उलट्या कमी होतात, आणि तो परिणाम औषधांच्या जवळपास जातो, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही जागा म्हणजे नुसती भोळी समजूत नाही.

पण हलत्या बोटीचे तसे नाही. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये १८ जणांना फिरत्या खुर्चीवर बसवून हायोसीन, पट्टी आणि खोटी पट्टी यांची तुलना झाली. हायोसीनने सहनशक्ती वाढली. पट्टी आणि खोटी पट्टी यांत फरक दिसला नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ६४ विद्यार्थ्यांना फिरत्या पट्ट्यांच्या पिंपात बसवले. इथे बोटाने नेइग्वान दाबणाऱ्यांना मळमळ कमी झाली, आणि मळमळीत पोटाची जी लय बिघडते तीही कमी बिघडली. २००४ मध्ये ७७ जणांवर पट्ट्यांचीच चाचणी झाली, आणि पुन्हा फरक शून्य. बोटाने दाबले तर काही होते आणि पट्टीने होत नाही, असे या निकालांवरून सुचते. ते अगदीच विचित्र नाही. पट्टीचे बटण नुसते टेकलेले असते. डंडींनी कर्करोगाच्या रुग्णांना अशी बटणे दिली, तेव्हा ती अधूनमधून स्वतः दाबायला सांगितली होती. मराठीला या जागी एक गंमत करता येते: बोटीवरचा इलाज पट्टीपेक्षा बोटांत अधिक असावा.

मग क्रूझवरून परतलेले इतके लोक पट्टीची शपथ का घेतात? याचे निम्मे उत्तर साध्या मोजणीत आहे. ऐंशीच्या दशकात लॉदर आणि ग्रिफिन यांनी ब्रिटनच्या आसपास चालणाऱ्या बोटींवरच्या २०,०२९ प्रवाशांना प्रश्नावली दिली. त्यांतले सुमारे ७ टक्केच प्रवासात ओकले होते. म्हणजे मनगटावर काहीही बांधले, गंडा, दोरा किंवा घड्याळ, तरी शंभरांतल्या नव्वदांहून अधिक प्रवाशांना त्याचा 'गुण' आला असता. शिवाय लांबच्या प्रवासात दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू आपण होऊन जुळवून घेतो, आणि तिसऱ्या दिवशी हातात असलेल्या उपायाला यश मिळते. मनुके, आले, लिंबू, पट्टी या साऱ्यांची कीर्ती काही अंशी या तिसऱ्या दिवसाने वाढवलेली आहे.

उरलेले निम्मे उत्तर अधिक अवघड आहे. १९९५ मध्ये ईडन आणि झूक यांनी इस्रायली नौदलाच्या २५ प्रशिक्षणार्थींवर एक प्रयोग केला. काहींना निघण्यापूर्वी सांगितले, की तुम्हाला बोट लागण्याचा संभव कमी आहे, आणि लागली तरी तुमच्या कामावर फारसा परिणाम होणार नाही. बाकीच्यांना असे काही सांगितले नाही. समुद्रावर पहिल्या गटाला बोट कमी लागली. कोणाला काय सांगितले होते हे ठाऊक नसलेल्या प्रशिक्षकांनीही पहिल्या गटाचे काम सरस ठरवले. ना गोळी, ना सुई, ना पट्टी. केवळ एक वाक्य.

ही मळमळ खोटी नसते. ओकणाऱ्या माणसाला ती मनात आहे असे सांगणे क्रूर आहे आणि चूकही आहे. पण तो विसंवाद सोडवणारा मेंदूच 'आता काय होणार' याचा अंदाज बांधत असतो, आणि त्या अंदाजात भीती किंवा भरवसा भर घालू शकतो. पट्टी बहुधा ते वाक्यच मनगटावर बांधून देते. तिने गुंगी येत नाही, तोंड कोरडे पडत नाही, आणि हाताला काहीतरी करायला मिळते. सुट्टीला निघालेल्या माणसाला एवढे पुरत असेल, तर त्याच्या हातातून ती काढून घेण्यात कोणते शहाणपण आहे? आणि तरीही, तिला औषध म्हणून विकणाऱ्याला आपण काही विचारायचेच नाही का?

या पेचाचे एक उत्तर क्रूझवरच असते, पण प्रवाशांच्या नजरेआड. डेकच्या कडेला टांगलेल्या जीवनरक्षक नौकांत काय असावे, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. जहाज सोडून त्या छोट्या, बंद नौकेत बसलेल्या माणसांना बोट लागणे म्हणजे केवळ त्रास नसतो. प्रत्येक उलटीबरोबर अंगातले पाणी जाते, आणि पिण्याचे पाणी मोजके असते. ओकणारा माणूस हताश होतो, आणि हताश माणूस समुद्रावर टिकत नाही. म्हणून प्रत्येक माणसामागे किमान ४८ तास पुरेल इतके बोट लागण्यावरचे औषध आणि एक पिशवी नौकेत असलीच पाहिजे, असा नियम आहे. त्या यादीत पट्टी नाही.

नियम करणाऱ्यांनी पट्टीवर कुठला आरोप केला नाही. जिथे चुकीची किंमत मळमळीएवढीच आहे तिथे माणसाने हवे ते बांधावे, आणि जिथे ती जिवाएवढी आहे तिथे खात्रीचे तेच जवळ असावे, एवढाच भेद त्या यादीने केला आहे. क्रूझच्या वरच्या डेकवर, संध्याकाळच्या वाऱ्यात, क्षितिजाकडे पाहत उभा असलेला प्रवासी मनगटावरचे बटण हलकेच दाबतो. त्याच्या मागे काही पावलांवर नारिंगी रंगाची बंद नौका टांगलेली असते, आणि तिच्या पोटात त्याच्या नावाच्या गोळ्या असतात.